गाठीपुरता ताप

वाटूर हे परतूर तालुक्यातले, जालना-मंठा रस्त्यावरचे गाव. या भागातल्या माणसाला जालन्याच्या पोलाद भट्ट्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. भंगार वितळवायचे, त्याचे बिलेट ओतायचे आणि बिलेटांच्या सळया काढायच्या, हा जालन्याचा धंदा घर बांधणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. यातल्या बहुतेक भट्ट्या इंडक्शनच्या. तिथे कोळसा नसतो, ज्योत नसते. तांब्याच्या पोकळ नळीचे जाडजूड वेटोळे असते, नळीतून गार पाणी खेळवलेले असते आणि वेटोळ्यातून सेकंदाला काही शे वेळा दिशा बदलणारा विजेचा प्रवाह सोडलेला असतो. प्रवाहाबरोबर वेटोळ्याच्या पोटातले चुंबकीय क्षेत्रही उलटसुलट होते, त्यामुळे भंगारात भोवरी प्रवाह उठतात आणि लोखंड १५०० अंशांच्या पुढे जाऊन वितळते. बाहेरून आगीचा स्पर्श न होता आतला धातू तापतो, ही यातली खुबी. तीच खुबी कर्करोगाच्या गाठीवर वापरता येईल का, हा प्रश्न वैद्यकाला पडून आता साठ वर्षांहून अधिक काळ झाला. गाठीत लोहाच्या संयुगाचे अतिसूक्ष्म कण सोडायचे, रुग्णाला अशाच एका वेटोळ्यात ठेवायचे आणि बाकीचे शरीर ३७ अंशांवर राहू देऊन गाठ तेवढी ४३-४४ अंशांवर न्यायची. आपल्याकडच्या विद्यापीठांत या कणांवर बरेच काम झाले आहे. त्या कामाबद्दल छापून येणाऱ्या बातम्यांचा सूर मात्र ‘कण चांगले तापले, आता उपचार दूर नाही’ असा असतो. माझे म्हणणे उलट आहे. कण तापवणे हा या विद्येतला सर्वांत सोपा भाग आहे. अवघड आहे ते पुरेसे कण गाठीत पोचवणे, गाठीचे तापमान कोपऱ्या-कोपऱ्यात मोजणे आणि त्या वेळी रुग्णाचे शरीर तापू न देणे. संशोधनाचे मोल या तीन गोष्टींवर ठरले पाहिजे.

आधी कण कसे तापतात ते पाहू, कारण तिथेच भट्टीशी असलेले साम्य तुटते. भोवरी प्रवाह उठायला धातूचा तुकडा मोठा लागतो. दहा-पंधरा नॅनोमीटरच्या कणात, म्हणजे केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाइतक्या दाण्यात, असे प्रवाह नगण्य असतात. तिथे उष्णता वेगळ्या मार्गाने येते. इतका लहान कण हा एकच एक चुंबक असतो. मोठ्या लोहचुंबकासारखे त्याच्या आत वेगवेगळ्या दिशांचे विभाग पडत नाहीत. बाहेरचे क्षेत्र दिशा बदलू लागले की या चुंबकालाही वळावे लागते. तो दोन रीतींनी वळतो. कण जागच्या जागी राहून त्याच्यातली चुंबकीय दिशाच पलटते. या प्रकाराला फ्रेंच शास्त्रज्ञ लुई नेएल यांचे नाव आहे. किंवा अख्खा कणच भोवतालच्या द्रवात गर्रकन फिरतो. त्याला ब्राउन यांचे नाव आहे. क्षेत्राच्या मागून वळताना कण थोडा मागे पडतो, आणि त्या रेंगाळण्यात क्षेत्राची जी ऊर्जा खर्ची पडते तिची उष्णता होते. कण फार लहान असेल तर दिशा इतक्या सहज पलटते की रेंगाळणे उरतच नाही; फार मोठा असेल तर ती पलटायलाच तयार होत नाही. नेएल प्रकारात पलटण्याचा वेळ कणाच्या आकारमानानुसार घातांकी वेगाने वाढतो, म्हणून व्यासात दोन-तीन नॅनोमीटरचा फरक पडला तरी उष्णतेत मोठा फरक पडतो. एकसारख्या आकाराचे कण बनवण्याचा हट्ट प्रयोगशाळा धरतात तो यासाठी.

असे कण बनवायला मात्र फार श्रीमंत प्रयोगशाळा लागत नाही, आणि मराठवाड्यात हे काम रुजले त्याचे एक कारण तेच असावे. फेराइट म्हणजे लोह आणि दुसऱ्या एखाद्या धातूचे मिश्र ऑक्साइड. आपल्याकडे त्याची सर्वांत प्रचलित कृती सोल-जेल स्वयंज्वलनाची. लोहाचे आणि दुसऱ्या धातूचे नायट्रेट पाण्यात विरघळवतात, त्यात सायट्रिक आम्ल घालतात, अमोनियाचे थेंब सोडत सोडत द्रावण उदासीन करतात आणि तापपट्टीवर ८०-९० अंशांना ढवळत ठेवतात. काही तासांत पाणी उडून जाते, द्रावण मधासारखे घट्ट होते, चुंबकी ढवळणीची कांडी अडते. मग तापमान वाढवले की ते जेल फुगते, एका कडेला ठिणगी धरते आणि ती ठिणगी सगळ्या चंचुपात्रात पसरत जाते. मागे उरते ती हलकी, जाळीदार, राखेसारखी भुकटी. ती खलून काही शे अंशांना भाजली की फेराइट तयार. क्ष-किरण विवर्तनाच्या आलेखात ३५ अंशांच्या जरा पुढे उंच शिखर दिसले की फेराइटची स्पिनेल ही स्फटिकरचना जमल्याची खूण पटते. छत्रपती संभाजीनगरच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात प्रा. के. एम. जाधव यांच्या गटाने फेराइटवर दीर्घकाळ काम केले. २०२० मध्ये याच गटाने मॅग्नेशियम फेराइटच्या नॅनोकणांवर ओलिक आम्लाचा थर देऊन, मग त्या तेलकट कणांना पाण्यात मिसळण्याजोगे करून त्यांची तापण्याची क्षमता तपासली. पृष्ठभागाकडे दिलेले हे लक्ष मला महत्त्वाचे वाटते, कारण पाण्यात न टिकणारी, तळाशी गोळा होणारी भुकटी औषधाच्या जवळपासही जाऊ शकत नाही.

तापण्याची चाचणी दिसायला साधी असते. कणांचे द्रावण असलेली काचेची कुपी तांब्याच्या वेटोळ्यात ठेवतात, भोवती उष्णतारोधक वेष्टण घालतात, प्रवाह सुरू करतात आणि दर काही सेकंदांनी तापमान नोंदवतात. तापमापी प्रकाशतंतूची लागते. धातूची तार घातली तर तीच तापून खोटा आकडा देईल. आलेखाचा सुरुवातीचा चढ मोजला की एक ग्रॅम कण किती वॅट उष्णता देतात हे निघते. या आकड्याला विशिष्ट शोषण दर म्हणतात, आणि या क्षेत्रातल्या निबंधांची सगळी चढाओढ याच आकड्याभोवती चालते. पण हा आकडा ज्या क्षेत्रात मोजला जातो ते क्षेत्र माणसाला सोसणारे असते का?

इथे भट्टीतले भोवरी प्रवाह परत येतात, या खेपेला शत्रू म्हणून. माणसाचे शरीर खारट पाण्याने भरलेले आहे, ते वीज वाहते. रुग्ण वेटोळ्यात गेला की त्याच्या शरीरातही भोवरी प्रवाह उठतात, आणि कण असो वा नसो, मांस तापू लागते. ही उष्णता क्षेत्राची तीव्रता, वारंवारता आणि त्या अवयवाची त्रिज्या या तिन्हींच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे मनगटाला चालणारे क्षेत्र पोटाला चालत नाही. अमेरिकेतल्या अ‍ॅटकिन्सन, ब्रेझोविच आणि चक्रवर्ती यांनी १९८४ मध्ये हा प्रश्न मांडला, आणि माणसांनी कितपत सोसले यावरून एक मर्यादा रूढ झाली: सुमारे ३० सेंटिमीटर व्यासाच्या घेरात तीव्रता आणि वारंवारता यांचा गुणाकार ४८.५ कोटी अँपिअर प्रति मीटर-सेकंद यापुढे जाऊ नये. एक लाख हर्ट्झ वारंवारता घेतली तर तीव्रता पाच किलोअँपिअर प्रति मीटरच्या आत राहिली पाहिजे, असा त्याचा अर्थ. आता समजा एखाद्या प्रयोगशाळेने तीन लाख हर्ट्झ आणि २५ किलोअँपिअर प्रति मीटर अशा क्षेत्रात मोजून ग्रॅमला १५० वॅट हा देखणा आकडा काढला. ही अवस्था त्या मर्यादेच्या १५ पट आहे. आणि उष्णता तीव्रतेच्या वर्गाच्या व वारंवारतेच्या प्रमाणात असते असे ढोबळ मानले, तर सोसणाऱ्या क्षेत्रात आणल्यावर तो आकडा ७५ पटींनी उतरतो. १५० चे दोन होतात.

दोन वॅट पुरेसे आहेत का हे पाहायला आणखी एक हिशेब करावा लागतो. गाठीच्या प्रत्येक घनसेंटिमीटरमध्ये साधारण ०.१ वॅट उष्णता निर्माण व्हावी, असे या क्षेत्रात धरले जाते. एका घनसेंटिमीटरला पाच मिलिग्रॅम कण पोचले, तर प्रत्येक ग्रॅमने २० वॅट दिले पाहिजेत. दोनच वॅट मिळत असतील तर ५० मिलिग्रॅम कण लागतील. शिवाय हा ०.१ वॅटचा नियमही गाठीचा आकार पाहूनच खरा. रक्तप्रवाह उष्णता वाहून नेत नाही असे घटकाभर मानले, तर या दराने दोन सेंटिमीटर व्यासाच्या गाठीच्या कडेचे तापमान सहा-सात अंशांनी चढते. एक सेंटिमीटरच्या गाठीत ही वाढ दोन अंशांच्याही आत राहते. दोन मिलिमीटरच्या गाठीत ती अंशाच्या दहाव्या भागाइतकीही भरत नाही. चुलीबाहेर काढून ठेवलेला एकटा निखारा लगेच काळा पडतो आणि निखाऱ्यांचा ढीग बराच वेळ धगधगतो, त्यातलाच हा प्रकार: गाठ लहान झाली की तिच्या आकारमानाच्या मानाने उष्णता निसटायला पृष्ठभाग जास्त मिळतो.

हा हिशेब पुढे नेला की एक लोकप्रिय कल्पना कोसळते. नॅनोकण कर्करोगाच्या एकेका पेशीत शिरतो, ती पेशी तेवढी जाळतो आणि शेजारच्या निरोगी पेशीला धक्का लावत नाही, असे चित्र अनेक लेखांत आणि चलत्‌चित्रांत दिसते. वीस मायक्रोमीटर व्यासाच्या पेशीला याच दराने उष्णता दिली तर तिचे तापमान अंशाच्या दीड लाखाव्या भागाने वाढेल. तिला खरोखर सहा-सात अंश चढवायचे, तर दहा लाख पट जास्त शक्ती लागेल. २००२ मध्ये योएद राबिन यांनी हाच उष्णतावहनाचा हिशेब मांडून दाखवले की उष्णतेपुरते बोलायचे तर कण पेशीच्या आत असला काय आणि बाहेर असला काय, फरक पडत नाही. तापतो तो भाग, एकटी पेशी नाही. पेशीच्या आत कण शिरण्याचा उलट तोटाच संभवतो: तिथे कण एकमेकांना चिकटून बसतात, फिरायला जागा उरत नाही आणि ब्राउन प्रकारची उष्णता जवळजवळ बंद होते. पॅरिसच्या संशोधकांनी २०१४ मध्ये वेगवेगळ्या घडणीचे कण पेशींत घालून मोजले तेव्हा पाण्यात मिळणारी उष्णता पेशीत गेल्यावर घटलेली दिसली. पाण्यातला आकडा हा कणाचा सर्वांत चांगला दिवस असतो, एवढेच त्यातून कळते.

इथपर्यंत वाचून कुणी म्हणेल, मग हा सगळाच उद्योग फोल आहे. तसे नाही, आणि याचे कारण कणांत नसून उष्णतेत आहे. उष्णता कर्करोगावर काम करते याचे पुरावे नॅनोकणांच्या बाहेरून आलेले आहेत. विलेपार्ल्याच्या नानावटी रुग्णालयात डॉ. नागराज हुइलगोळ आणि सहकाऱ्यांनी डोके-मानेच्या वाढलेल्या कर्करोगाच्या ५६ रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. एका गटाला फक्त किरणोपचार दिला, दुसऱ्याला किरणोपचाराच्या जोडीला रेडिओलहरींनी उष्णता दिली. पहिल्या गटात ४२.४ टक्के रुग्णांची गाठ पूर्ण विरघळली, दुसऱ्यात ७८.६ टक्के रुग्णांची. मध्यक आयुर्मान १४५ दिवसांवरून २४१ दिवसांवर गेले. तंबाखू आणि गुटख्याने ग्रासलेल्या आपल्या भागाला या कर्करोगाची ओळख करून देण्याची गरज नाही. नेदरलँड्समध्ये १९९० ते १९९६ या काळात ३५८ रुग्णांवर झालेल्या चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या स्त्रियांपैकी तीन वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण, उष्णतेच्या जोडीमुळे, २७ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर गेले. मुंबईची चाचणी लहान होती. डच चाचणीनंतर गर्भाशयमुखाच्या कर्करोगात किरणांबरोबर सिसप्लॅटिन हे औषध देण्याची पद्धत रूढ झाली, त्यामुळे आजच्या उपचारापुढे तोच फरक दिसेल असे नाही. तरीही दोन्ही चाचण्यांचा रोख एकच आहे: उष्णता ही किरणांची जोडीदार आहे.

त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. किरणोपचार ऑक्सिजनच्या साथीने पेशीचा डीएनए तोडतो. गाठीच्या पोटात जिथे रक्त नीट पोचत नाही तिथल्या ऑक्सिजनला मुकलेल्या पेशी किरणांना दाद देत नाहीत, आणि नेमक्या अशाच कुपोषित, आम्लधर्मी वातावरणातल्या पेशी उष्णतेने लवकर मरतात. डीएनएची प्रत काढण्याच्या अवस्थेतल्या पेशींचेही तसेच. शिवाय तुटलेला डीएनए सांधण्याचे काम करणारे बीआरसीए-२ हे प्रथिन ४१-४२ अंशांना मोडते, हे २०११ मध्ये दाखवले गेले. उष्णतेची मात्रा मोजायचे मापही १९८४ पासून आहे: ४३ अंशांच्या वर दर एक अंशाला लागणारा वेळ निम्मा होतो, म्हणजे ४३ ला एक तास आणि ४४ ला अर्धा तास सारखेच, ४३ च्या खाली दर अंशाला वेळ चौपट होतो. एवढी ही मात्रा तापमानाला हळवी आहे. गाठीच्या एका कोपऱ्यात ४१ आणि दुसऱ्यात ४५ अंश असतील तर सरासरी ४३ म्हणणे ही स्वतःची फसवणूक ठरते. तापमान मोजण्याचा प्रश्न मी कण बनवण्याच्या प्रश्नापेक्षा वर ठेवतो तो यासाठी.

मग नॅनोकणच का, रेडिओलहरी का नाहीत? कारण रेडिओलहरींनी शरीराच्या खोल भागातली गाठ नेमकी तापवणे कठीण. वाटेतली चरबी आणि हाडालगतचे मांस आधी तापते. कण असतील तिथेच मुख्य उष्णता, हे नॅनोकणांचे आश्वासन खरे मोलाचे आहे. या कल्पनेचा उगमही अशाच गरजेतून झाला. शिकागोचे शल्यचिकित्सक गिलख्रिस्ट आणि सहकारी यांनी १९५७ मध्ये ‘अ‍ॅनल्स ऑफ सर्जरी’त जो निबंध लिहिला, त्यात मोठ्या आतड्याच्या कर्करोगाने बाधित होणाऱ्या, पण शस्त्रक्रियेत हाताला न लागणाऱ्या लसिकाग्रंथींचा प्रश्न होता. लोह ऑक्साइडचे कण लसवाहिन्यांतून आपोआप त्या ग्रंथींत जाऊन बसतात हे त्यांनी कुत्र्यांवर दाखवले आणि बाहेरच्या क्षेत्राने ग्रंथी तापवल्या. पोचवण्याचा प्रश्न त्यांनी शरीराच्याच वाटेने सोडवला होता. नंतरच्या काळात ही दूरदृष्टी थोडी हरवली, असे मला वाटते.

आज पोचवण्याचे उत्तर म्हणून कणांवर प्रतिपिंड किंवा फॉलिक आम्ल चिकटवण्याचे सांगितले जाते: कण शिरेतून द्या, ते गाठ हुडकून काढतील. २०१६ मध्ये मागच्या दहा वर्षांतल्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला तेव्हा शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोचणाऱ्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के भरले, आणि तेही बहुतेक उंदरांत. बाकीचे यकृत आणि प्लीहा यांतल्या भक्षक पेशी उचलतात. दहा घनसेंटिमीटरच्या गाठीला वरच्या हिशेबाने अर्धा ग्रॅम कण हवे असतील, तर शिरेतून सत्तर ग्रॅमच्या आसपास द्यावे लागतील. माणसाच्या अख्ख्या शरीरात लोह तीन-चार ग्रॅम असते. औषधाची पेशीपर्यंत ने-आण करण्यासाठी लक्ष्यवेधी कण उपयोगी पडतील, तिथे मात्रा लहान असते. उष्णतेसाठी शिरेची वाट आज तरी बंद समजावी.

बर्लिनच्या संशोधकांनी हे वास्तव मान्य केले, म्हणून ते रुग्णापर्यंत पोचले. शारिटे रुग्णालयात आंद्रेआस योर्दान यांनी १९९० च्या दशकात सुरू केलेल्या कामातून मॅगफोर्स ही कंपनी उभी राहिली. त्यांच्या द्रवात सुमारे १२ नॅनोमीटरचे, अमिनोसिलेनचा थर दिलेले लोह ऑक्साइडचे कण होते, आणि एका मिलिलिटरमध्ये तब्बल ११२ मिलिग्रॅम लोह. हा घट्ट द्रव सुईने थेट मेंदूतल्या गाठीत सोडायचा. वारंवारता एक लाख हर्ट्झ, तीव्रता दोन ते १५ किलोअँपिअर प्रति मीटर, रुग्णाला सोसेल तशी. मेंदूची निवडही भौतिकीने केलेली: डोक्याचा घेर लहान, म्हणून भोवरी प्रवाहांची पीडा कमी. ग्लायोब्लास्टोमा हा मेंदूचा कर्करोग उलटलेल्या रुग्णांसह ६६ जणांच्या अभ्यासाचा अहवाल २०११ मध्ये आला. गाठ उलटल्यापासूनचे मध्यक आयुर्मान १३.४ महिने भरले. युरोपात वापरायची मान्यता २०१० मध्येच मिळाली होती. पण या अभ्यासात तुलनेचा गट नव्हता, किरणोपचारही सोबत दिला होता, आणि तुलना जुन्या नोंदींशी होती. उपचाराच्या भागाजवळची दातांतली धातूची भरणे काढून टाकावी लागत. त्याहून अडचणीचे म्हणजे गाठीत राहिलेले लोह एमआरआयची प्रतिमा झाकोळून टाकते, त्यामुळे रोग परतला का हे पाहण्याची नेहमीची वाटच बंद होते. २०२२ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कण तापत नव्हते म्हणून ही वेळ आली नाही. ते उत्तम तापत होते.

आता आपल्याकडच्या कामाकडे पाहू. काही गटांनी नेमके अवघड प्रश्न हाती घेतले आहेत. कोल्हापूरच्या डी. वाय. पाटील विद्यापीठात प्रा. एस. एच. पवार यांच्या गटाने लँथॅनम-स्ट्रॉन्शियम मँगनाइटचे कण तपासले. अशा पदार्थाचे चुंबकत्व एका ठरावीक तापमानाला संपते, आणि घटकांचे प्रमाण बदलून ते तापमान उतरवता येते. ते ४५ अंशांच्या जवळ आणता आले तर कण स्वतःच तापायचे थांबतील आणि तापमान मोजण्याचा अर्धा भार हलका होईल. जवळ येताना चुंबकत्वही मंदावते आणि उष्णता घटते, ही त्यातली गोम. शरीरात मँगनीज सुटण्याचा प्रश्न वेगळाच. आयआयटी मुंबईत प्रा. धीरेंद्र बहादूर आणि प्रा. रिंटी बॅनर्जी यांच्या गटांनी जर्मन सहकाऱ्यांबरोबर चुंबकीय कण आणि डॉक्सोरुबिसिन हे औषध एकाच मेदपुटिकेत भरले. ४३ अंशांना पुटिकेचे आवरण सैल होते आणि औषध सुटते. हे काम २०१० चे. इथे उष्णतेला पेशी मारायच्या नसतात, दार उघडायचे असते, म्हणून वर केलेला निर्दय हिशेब बराच सौम्य होतो. या दोन दिशा मला सर्वाधिक आशेच्या वाटतात.

उरलेल्या बऱ्याच कामाबद्दल मात्र दोन शब्द कडक बोलावेत. फेराइटमध्ये कोबाल्ट, निकेल, क्रोमियम यांची टक्केवारी बदलत जायचे आणि प्रत्येक पायरीला एक आलेख काढायचा, हा संशोधनाचा सोपा रस्ता आहे. लोह शरीराच्या ओळखीचे आहे. लोह ऑक्साइडचेच नॅनोकण असलेले फेरुमॉक्सिटॉल हे औषध २००९ पासून अमेरिकेत मूत्रपिंडाच्या रुग्णांना पंडुरोगासाठी ५१० मिलिग्रॅमच्या मात्रेत शिरेतून देतात, आणि त्यालाही तीव्र अ‍ॅलर्जीचा ठळक इशारा जोडावा लागला. निकेल किंवा कोबाल्ट शरीरात ठेवायचे म्हटले तर त्याचे समर्थन कोण करणार? वैद्यकीय उपयोग हा निबंधाच्या शेवटच्या परिच्छेदात लिहायचा शब्द असेल तर गोष्ट वेगळी.

याहून धारदार आक्षेप गावाकडून येतो. वाटूरच्या किंवा मंठ्याच्या बाईला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाला, तर तिची अडचण नॅनोकण नसणे ही नाही. उशिरा निदान ही आहे, आणि पाच-सहा आठवडे रोज किरणोपचाराचा ‘शेक’ घ्यायला जिल्ह्याबाहेर राहण्याची सोय नसणे ही आहे. मराठवाड्यातल्याच धाराशिव जिल्ह्यात याचा पुरावा आहे. तिथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर झालेल्या, २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने एचपीव्ही विषाणूच्या एकाच तपासणीने या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आणता येतात हे दाखवले. कोणत्याही वेटोळ्याला इतका परिणाम साधलेला नाही. आक्षेप मला पूर्ण मान्य आहे, आणि सरकारी पैसा आधी कुठे जावा असे विचाराल तर माझे उत्तर तपासणी हेच राहील. पण वाढलेल्या रोगाचे रुग्ण उद्याही किरणोपचाराच्या दारात असणार आहेत. उष्णतेच्या जोडीने त्यांना फरक पडत असेल, तर ती उष्णता खोलवर, नेमकी आणि मोजून कशी द्यायची हा प्रश्न लांबचा नाही. छत्रपती संभाजीनगरात विद्यापीठ आणि शासकीय कर्करोग रुग्णालय दोन्ही असताना तो भौतिकीच्या विभागात एकट्याने सोडवत बसण्याचे कारणही दिसत नाही.

त्यासाठी प्रयोगाची रीत थोडी बदलावी लागेल. मोजणी सोसणाऱ्या मर्यादेतल्या क्षेत्रात करायची. जेनाच्या हर्ग्ट आणि डुट्झ यांनी २००७ मध्ये लहान अवयवांसाठी दहापट सैल मर्यादा सुचवली आहे, तिचा आधार घेतला तरी चालेल, पण कोणती मर्यादा घेतली हे आकड्याशेजारी छापायचे. प्रयोगशाळा-प्रयोगशाळांची तुलना व्हावी म्हणून वारंवारता आणि तीव्रतेचा वर्ग यांनी भागलेला आकडा द्यायचा. पाण्याबरोबर अगारच्या घट्ट जेलमध्येही मोजायचे, म्हणजे कण अडकल्यावर काय उरते ते कळेल. आणि कसायाकडून ताजी कलेजी आणून तिच्यात अर्धा मिलिलिटर द्रव सुईने सोडायचा, मध्यापासून दर पाच मिलिमीटरवर प्रकाशतंतूचे तापमापी रोवायचे, एक लाख हर्ट्झवर अर्धा तास क्षेत्र चालू ठेवायचे आणि द्रव कुठवर पसरला, सुईच्या वाटेने किती मागे आला, कोणत्या टोकाला किती अंश चढले हे कलेजी कापून, नकाशा काढून नोंदवायचे. तिच्यात रक्त वाहत नसते, त्यामुळे जिवंत माणसात याहून कमीच मिळणार हे धरून चालायचे.